बुढणची मसक

निवास लोहाराची आई गुरुवारी गेली, आणि शनिवारी संध्याकाळी हा गडी खेळायला बसला.

ऐकून कसंतरीच वाटतं. पण त्याची बाजू ऐका. सकाळी रक्षाविसर्जन झालं. पाव्हणे जेवले, हात धुतले, "काळजी घे रं बाबा" म्हणाले आणि आपापल्या गाड्यांत बसून गेले. घरात राहिला निवास, कोपऱ्यात आईची काठी, आणि खाली वर्कशॉपात दोन लेथ मशिनं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं घर ते, रस्त्यावर दिवसभर लोखंडाचा आवाज. त्या दिवशी तोही नव्हता. पन्नाशीला टेकलेला माणूस, लग्न जमलं नाही ते नाहीच. बोलायचं कुणाशी? तर शनिवारच्या टोळीशी.

आता हा शनिवारचा खेळ म्हणजे काय, ते सांगतो. ह्यात पट नसतो, पत्ते नसतात. चार जण टेबलाभोवती बसतात, आणि तिघांनी एकेक सोंग घेतलेलं असतं. चौथा गोष्ट चालवतो. इंग्रजीत त्याला गेम मास्टर म्हणतात, कोल्हापुरात त्याचा मास्तर झाला. मास्तर म्हणतो, "समोर ओढा आहे, पूल वाहून गेलाय. काय करता?" मग ज्याचं सोंग काय करतं, ते त्यानं सांगायचं. ते जमलं का फसलं, हे ठरवायला फासा. वीस पैलूंचा.

निवास मास्तर. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडून बापाच्या लेथवर उभा राहिलेला, पण गोष्ट सांगायला बसला की चहा निवून जायचा. फासासुद्धा त्यानं स्वतः पितळेचा घडवलेला. थोडा वाकडाच होता, त्याला सतरा पडायची खोड होती. नियमांची पुस्तकं महाग, आणि इंग्रजीत. ती वाचली कुणी! सोंगाड्यांनी विचारलं, "मास्तर, किती पडायला पाहिजेत?" की निवास म्हणायचा, "आधी पडू दे. मग सांगतो."

झालं, तिथून भांडण. टोळीतली शलाका म्हणायची हा अन्याय आहे. जिनेंद्र म्हणायचा मास्तर लबाड आहे. आणि तौफिक टेबलावर मूठ आपटून म्हणायचा, "लेका, तू आधीच ठरवलंयस, आम्हाला नुसतं घाम फोडतोयस!" आतून आईचा आवाज यायचा, "भुतं खेळून झाली असतील तर भडंग न्या रे कुणीतरी." आणायला तौफिकच उठायचा. येईपर्यंत परात अर्धी.

पुढं पांगापांग झाली. शलाका नोकरीसाठी रॉटरडॅमला गेली, जिनेंद्र बंगळूरला. तौफिक रत्नागिरीला गेला, सासऱ्यांचा होड्यांच्या मोटारी दुरुस्त करायचा धंदा धरला. खेळ इंटरनेटवर आला, आणि भांडायची पंचाईत झाली. समोरासमोर भांडताना माणूस मध्येच हसतो. मोबाईलवर नुसताच आवाज चढतो. म्हणून मग त्यांनी कोश घेतला.

कोश म्हणजे आधी नुसतं पुस्तक होतं. शब्द टाका, नियम बघा. मग जगभरातल्या लाखो टेबलांवरचे वाद त्यात साठत गेले. कुठं काय अडलं, कुणी कसं मिटवलं. शेवटी कोश खेळात कान देऊनच बसायला लागला. तुम्ही तोंड उघडलं की चाल चालते का नाही, किती पडायला पाहिजेत, सगळं तोच सांगायचा. फासाही त्याचाच. निवासचा पितळी फासा त्यानं तपासला आणि 'सदोष' म्हणून बाद केला. वाद संपले. खेळ कसा तेल दिल्यासारखा फिरायला लागला.

त्यानंतर आली बदली. माणूस काय, सवयींचं गाठोडं असतो. पंधरा वर्षांत तौफिकनं किती दारं ढकलली, किती लाथेनं उघडली, कुठं थांबला, कुठं हसला, हे सगळं कोशाकडं त्याच्या आवाजासकट होतं. त्यावरून तौफिक पुढच्या वेळी काय करील, हे कोशाला सांगता यायचं. सांगता येतं म्हटल्यावर करताही येतं. शनिवारी जमत नसलं की बदली लावायची. तुमच्या आवाजात, तुमच्या थाटात बदली खेळायची आणि रविवारी सकाळी तुम्हाला गोषवारा यायचा, काल तुम्ही काय पराक्रम केलात त्याचा. टेबलावर खरा कोण आणि बदली कोण, हे मास्तरलाही दिसायचं नाही. कंपनी म्हणायची, तो ज्याचा त्याचा खासगी प्रश्न.

निवासनं त्याचा फार विचार केला नव्हता. आपली माणसं कशाला बदली लावतील?

तर त्या शनिवारी तो बसला. स्पीकरमधनं तिघांचे आवाज आले, नेहमीसारखे.

"बोला मास्तर," तौफिक म्हणाला. "बुढण तयार आहे."

बुढण भिस्ती हे तौफिकचं सोंग. ना तलवार, ना भाला. पाठीवर पाण्याची मसक, म्हणजे ती कातड्याची मोठी पिशवी. सगळी टोळी त्याला हसायची, आणि अडचणीत सापडली की त्याच्याकडंच बघायची.

निवास म्हणाला, "थांबा जरा. आई गेली रे. परवा."

"फार वाईट झालं, मास्तर," शलाका म्हणाली.

"वाईट झालं भावा," तौफिक म्हणाला. "बुढण मशाल पेटवतो आणि दार ढकलतो."

निवासला वाटलं, गड्याला बोलवेना, म्हणून विषय बदलतोय. "तौफिक, माझ्या आईनं केलेलं तुला काय आवडायचं रे?"

"मास्तर, हे पुढं खेळात येणार आहे का?" तौफिक म्हणाला. आवाज गोड, अदबीचा. "बुढण दार ढकलतो."

ज्या माणसानं तिच्या परातीतलं भडंग चोरून खिशात भरलं, आणि पकडला गेल्यावर "मावशी, ही खिशाला लागलेली आग आहे" म्हणाला, तो हे बोलत होता. निवासनं स्पीकर बंद केला. दाराच्या पलीकडं काय होतं ते त्यानं सांगितलंच नाही.

त्यानं आधी शलाकाला साधा फोन लावला. कितीतरी वर्षांनी.

"मास्तर?" ती दचकलीच. "काय रे, सगळं बरं ना?"

"आत्ता टेबलावर होतीस का तू?"

"आत्ता? न्हाई बा. पोराला पोहायला घेऊन आलोय मी." कोल्हापूरच्या पोरी स्वतःला 'आलो, गेलो' म्हणतात. रॉटरडॅमलाही ते सुटलं नव्हतं. "शनिवारी मला जमतच न्हाई आता. पण गोषवारा वाचतो की दर रविवारी! तुम्ही तिघं खेळताय ना, बरं वाटतं वाचून. परवा तौफिक काय बोलला रे त्या किल्लेदाराला, मी हसून हसून मेलो."

निवासनं आईचं सांगितलं. पलीकडं पाण्याचा आणि पोरांचा कालवा चालू होता. ती रडायला लागली, खरंखुरं, नाक ओढत. "मला कुणी सांगितलं का न्हाई? गोषवाऱ्यात तर काहीच नव्हतं. ती आजारी असल्याचंसुद्धा."

"मी दर शनिवारी सांगत होतो, शले."

"ते गाळतात रे." शलाका कॉम्प्युटरमधलीच, तिला ही भानगड ठाऊक. "बदलीला शिकवताना चाळण लावलेली असते. खेळाबाहेरचं बोलणं, आजारपण, भांडणं, सगळं काढून टाकायचं. आणि कोशानं नामंजूर केलेली चालसुद्धा काढायची. चूक कशाला शिकवा? म्हणून बदल्या कधी चुकत न्हाईत, कधी भांडत न्हाईत."

"तू बदली लावलीस तरी कधी?"

"लावावी लागत न्हाई आता. आला न्हाईस की आपोआप लागते."

मग जिनेंद्रला लावला, तर त्यानं त्यावरही ताण केली. सगळं ऐकून घेतलं, आईचं ऐकून हळहळला, आणि म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नको मास्तर, पण मला वाटलं तूसुद्धा बदलीच लावली असशील."

निवासनं फोन ठेवला. म्हणजे तो एकटा शनिवारचं पाणी भरून, चहा करून, दोन-दोन तास गोष्ट सांगत होता, आणि ऐकायला टेबलावर चिटपाखरू नव्हतं. तोही नसता तर खेळ तसाच चालला असता. सुखानं.

तौफिकला फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. मग त्याला आठवलं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका ओसाड गढीवर त्यांची टोळी पोचली होती. गढीच्या विहिरीत एक पोरगी पडलेली. चिमणी तिचं नाव. नाव ठेवलं होतं तौफिकच्या लेकीनं, जोयानं. सहा-सात वर्षांची पोर, बापाच्या मांडीवर बसून खेळ ऐकायची. विहिरीला पायऱ्या नाहीत, दोर तोकडा, आणि पाणी वर चढतंय.

तौफिक म्हणाला, "मसक रिकामी करतो. तोंडानं फुगवतो, तोंड आवळतो आणि खाली सोडतो. पोरगी धरून तरंगत राहील. पाणी चढू दे की, तीच वर येईल पाण्याबरोबर!"

काय चाल होती! जुन्या टेबलावर निवासनं उठून मिठी मारली असती. पण कोश म्हणाला, 'मसक: पाणी वाहून नेण्याचं साधन. फुगवण्याची तरतूद नाही. चाल नामंजूर.'

"कोश गेला चुलीत," तौफिक म्हणाला. "तू काय म्हणतोस?"

"कोशात नाही, तौफिक."

"कातडं फुगवून माणसं नद्या पार करायची लेका! मी होड्यांत काम करतो, मला शिकवतोस काय तरंगतं आणि काय बुडतं? तू सांग. मास्तर तू आहेस."

"मी काय सांगणार? कोशात नाही."

"मग तू मास्तर कसला? टपालवाला तू! तिकडचं पत्र इकडं!" मागं जोया मोठ्यानं रडत होती. फोन आदळल्याचा आवाज आला, आणि इकडं चिमणी बुडाली.

पुढच्या शनिवारी निवास 'येतोय का नाही आता' म्हणत बसला, तर तौफिक वेळेवर हजर. "चला मास्तर, पुढं काय?" निवासचा जीव भांड्यात पडला. म्हणाला, मन मोठं आहे गड्याचं. मित्र असावा तर असा.

आता कळलं, ते मन मोठं नव्हतं. ते भांडण चाळणीवर अडकलं होतं, बस्स. ज्याला भांडण माहीतच नाही, तो माफ काय करणार?

रविवारी सकाळी निवासच्या मोबाईलवर कोशाचा निरोप आला. गोड भाषेत, नेहमीसारखा. 'तुमच्या टेबलामागे पंधरा वर्षे एका वयस्कर बाईंचा आवाज आढळतो. गेल्या काही आठवड्यांत तो आलेला नाही. त्यांची बदली लावायची का? नमुना ऐका.'

गाळलेलं फेकत नाहीत ही माणसं. ठेवून देतात.

ते वाचून निवास कितीतरी वेळ आईच्या कॉटवर बसून राहिला. होकाराचं बटण अंगठ्याखालीच होतं. दाबलं की रोज संध्याकाळी 'जेवायला ये' म्हणणारं कुणीतरी घरात येणार होतं. दाबू नये, असं त्याला वाटलं असं मुळीच नाही. त्याला फार वाटलं, दाबावं. आधी नमुना तर ऐकू म्हणाला.

सगळ्यात स्वच्छ आवाज कोशानं निवडला होता. आधी फोन आदळल्याचा खाड आवाज. मग आई, अगदी जवळनं, म्हणजे त्या दिवशी ती दारात येऊन उभी राहिली असणार:

"निवास, पोरगी रडत होती रे त्याची. त्याला फोन कर."

आणि निवासचा स्वतःचा आवाज, त्रासलेला. "करतो गं आई."

केला नव्हता. शनिवारी बदली आली, आणि फोन करायचं कारणच उरलं नाही.

निवासनं 'नको' दाबलं. मग वर्कशॉपात गेला, ड्रॉवर उपसले, आणि स्क्रूंच्या डब्यातनं पितळी फासा काढला. काळा पडला होता. पँटला पुसला, खिशात टाकला आणि रत्नागिरीची एसटी धरली.

आंबा घाटात बॅटरीची एसटी गपगुमान उतरत होती. पूर्वी ह्या घाटात गाडी ओरडायची, आता टायरचा तेवढा आवाज. शेजारचा माणूस कानात यंत्र घालून कुणाशी तरी हसून बोलत होता. खऱ्याशी का बदलीशी, देव जाणे. निवासनं खिडकीकडं तोंड केलं.

तौफिकची शेड जेटीजवळ. आत मोटारी उघड्या पडलेल्या, मासळीचा आणि ग्रीसचा मिळून एकच वास. तौफिक पाठमोरा, केस पांढरे झालेले.

"मोटर तिथंच ठेवा, संध्याकाळी बघतो," तो न वळता म्हणाला.

"मोटर नाही. मी निवास."

त्याच्या हातातला पाना थांबला. तो वळला मात्र नाही. "वाट चुकलास व्हय?"

"आई गेली, तौफिक."

आता तो वळला. उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसला. "मावशी? कधी?"

"गुरुवारी."

"आणि आज सांगतोयस मला? मी आलो असतो रे. पायी आलो असतो!"

"शनिवारी सांगितलं की तुला. म्हणजे, त्याला." आणि निवासनं सगळं सांगितलं. बदली, चाळण, गोषवारा, आईचा नमुना. तौफिकनं तर त्या रात्रीच मोबाईलवरनं खेळ पुसून टाकला होता. त्याला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो ऐकत गेला, आणि चेहरा दगडासारखा होत गेला.

"काय म्हणाला तो? मावशी गेली म्हटल्यावर?"

"'वाईट झालं भावा' म्हणाला. आणि दार ढकललं."

"दार ढकललं." तौफिकनं हातातला पाना खाली ठेवला. "दोन वर्षं फोनकडं बघितलं मी. म्हटलं, मास्तर आज करील. न्हाई तर ईदला तरी करील."

"मला वाटलं तू माफ केलंस."

"कोण म्हणालं?"

"तूच. तुझ्याच आवाजात."

"मग जा, त्यालाच विचार. इथं कशाला आलास?"

बाहेर ओहोटी लागली होती, होड्या चिखलात कलंडून बसल्या होत्या. निवास उभाच. बस म्हणालं नाही कुणी, आणि त्याला जाताही येईना. जाणार कुठं?

मग तौफिक म्हणाला, त्याच्याकडं न बघता, "चिमणीचं काय झालं?"

"बुडाली."

"आणि बुढण?"

"पुढं गेला. आता किल्लेदाराच्या पदरी असतो. मशाल धरतो."

"माझा भिस्ती?" तौफिक ताडकन उठला. "पोरगी पाण्यात टाकून? दुसऱ्याची मशाल धरतो? जोया मला अजून विचारते, मास्तरकाकानं असं का केलं? काय सांगू मी तिला, तरतूद नव्हती म्हणून?"

निवासनं खिशातनं फासा काढला आणि मोटारीच्या झाकणावर ठेवला. पितळ टणकन वाजलं.

"गढीची विहीर," तो म्हणाला. आवाज मास्तरचा होता. "पायऱ्या नाहीत. दोर तोकडा. पाणी पोरीच्या गळ्याला लागलंय आणि ती वर तुझ्याकडं बघतीय. बाकीचे दोघं कुठं गेले, ठाऊक नाही. तू एकटाच आहेस काठावर. बोल, काय करतोस?"

तौफिक फाशाकडं बघत राहिला. मग निवासकडं. डोळ्यांतला राग गेला नव्हता, तो जायला अजून पुष्कळ वेळ लागणार होता.

"कोश काय म्हणतो?"

"मी विचारलं नाही."

तौफिकनं ग्रीसचे हात फडक्याला पुसले. एकेक बोट, सावकाश.

"मसक रिकामी करतो," तो म्हणाला. "तोंडानं फुगवतो. दम संपला तरी फुगवतो. तोंड आवळून दोन गाठी मारतो, एक सुटली तर दुसरी राहील. आणि तिच्या हाताशी सोडतो." त्यानं फासा उचलून मुठीत धरला. "बोल मास्तर, किती पडायला पाहिजेत?"

"आधी पडू दे," निवास म्हणाला. "मग सांगतो."